गावाची कोठी

आमच्या गावच्या समाजमंदिरात मागच्या खोलीत पत्र्याच्या तीन कोठ्या उभ्या आहेत. दोन ज्वारीच्या आणि एक तुरीच्या डाळीची. खोलीला तीन कुलपं आहेत आणि त्यांच्या किल्ल्या तीन वेगवेगळ्या घरांत असतात. तिन्ही घरची माणसं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. पाहुणा आला की विचारतो, "हे सरकारी गोदाम का?" आम्ही सांगतो, "नाही बुवा, ही गावाची कोठी."

ही कोठी कशी उभी राहिली आणि तिच्यापायी माझी स्वतःची किती फजिती झाली, ते आज वाचकांना सांगावंसं वाटतं. संकट काही सांगून येत नाही, आणि ते दारात आल्यावर कोठी बांधायला सवड मिळत नाही.

गोष्ट २०२० सालच्या मार्च महिन्याची. करोनाच्या साथीनं २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. आमचा केळापूर तालुका यवतमाळ जिल्ह्यातला, कापसाचा. त्या दिवसांत शेतात काय चाललेलं असतं ते कास्तकाराला सांगायला नको. हरभरा निघाला होता, गहू कापणीला आला होता, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर पडल्या होत्या. खरेदी बंद पडल्यामुळे कित्येकांच्या घरात कापूस आढ्यापर्यंत भरलेला. त्यात उन्हाळा, म्हणून लेकरांच्या अंगाला कापसाची खाज सुटलेली. घरात कापूस म्हणजे घरात पैसा, असं आपण एरवी मानतो. त्या दिवसांत घर कापसानं भरलेलं होतं आणि मिठाच्या पुडीला पैसा नव्हता.

तरीही ज्याच्या घरी थोडीफार जमीन होती त्याच्या घरी दाणे होते. खरी अडचण होती ती रोज मजुरी करून रोज पीठ आणणाऱ्यांची. आठवडी बाजार बंद, एसटी बंद, कामं बंद. २७ मार्चला शेतीच्या कामांना सूट मिळाली, पण लोक एकमेकांच्या सावलीला भीत होते. मजूर लावायचा म्हटला तरी शेतकरी विचार करी.

मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहे. नोकरीची तीस वर्षं याच भागात गेली. फिरण्याचा पास माझ्याकडे होता. मार्चअखेरीस एका संध्याकाळी सरपंच, बचत गटाच्या अध्यक्षबाई, भजनी मंडळाचे बुवा आणि मी असे चौघं समाजमंदिराच्या ओट्यावर दोन-दोन हात अंतर ठेवून बसलो. बुवा म्हणाले, "पैसा मागू नका. पैसा कोणाजवळच नाही. दाणे मागा." बुवांचं म्हणणं खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी हातगाडी गावातून फिरली तेव्हा कोणी पायलीभर, कोणी टोपलंभर, तर कोणी अर्धं पोतं ओतलं. दोन दिवसांत अकरा पोती ज्वारी आणि दोन पोती तूर जमली.

आता हे द्यायचं कोणाला? मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "यादी माझ्याकडे आहे." माझ्या वहीत गावातला एकेक खातेदार होता. कोणाचं किती क्षेत्र, कोणाच्या विहिरीला किती पाणी, कोण कोणतं बियाणं लावतो, सारं तोंडपाठ. सगळ्यांत कमी जमिनीची आणि सातबारावर विधवांची नावं असलेली घरं मी निवडली. सतरा नावं झाली. चार नावं सरपंचांनी घातली. समाजमंदिरापुढे चुन्यानं गोल आखले, टेबल मांडलं, भोंग्यावरून एकेक नाव पुकारलं आणि थैली हातात देताना मोबाइलवर फोटो काढले. फोटो काढायची सूचना माझीच होती. हिशोबाला पुरावा राहील, असं मला वाटलं.

वीस माणसं आली. एकवीसावं नाव तीनदा पुकारलं, पण कोणी उठलं नाही. ती म्हातारी गावाच्या कडेला एकटी राहते. कोणी म्हणालं, तिला गरज नसेल. मला ते पटेना, म्हणून दिवेलागणीला मी थैली घेऊन तिच्या घरी गेलो. ती उंबऱ्यावर बसली होती. चूल थंड होती.

मी म्हणालो, "मावशी, तुमचं नाव घेतलं होतं. आल्या नाहीत?"

ती सावकाश म्हणाली, "भाऊ, माह्या नवऱ्यानं या गावात बैलजोडी ठेवली होती. आमच्या खळ्यावरून कोणी रिकाम्या सुपानं गेलं नाई. आज तुमी माहं नाव भोंग्यावरून घेतलं. माह्या घरात दाणा नाई, हे चिमण्या-कावळ्यायलेही समजलं. आता ते घ्यायले कोणत्या तोंडानं येऊ?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. थैली उंबऱ्यावर ठेवावी की परत न्यावी तेही मला सुचेना. मी तिथंच खाली बसलो. मग हळूहळू तिच्या घरची हकीकत कळली. रेशनकार्ड मुलाच्या नावावर, आणि मुलगा पुण्याकडे कारखान्यात अडकलेला. कार्ड त्याच्यासोबत गेलेलं. निराधार योजनेचे महिना हजार रुपये तालुक्याच्या बँकेत, आणि बँकेत जायला एसटी नाही. शेतातली मजुरी बंद. एका आठवड्यात तिची तिन्ही दारं बंद झाली होती. सरकारनं एप्रिलपासून माणशी पाच किलो धान्य फुकट सुरू केलं, मे-जूनमध्ये कार्ड नसलेल्या मजुरांचीही सोय केली. पण तिच्या हाती कार्ड नव्हतं आणि चूल मे महिन्यापर्यंत थांबणार नव्हती. तीस वर्षं मी या गावात येतो-जातो, आणि यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मला शेतं ठाऊक होती, चुली ठाऊक नव्हत्या.

थैली तिनं घेतली, पण एका अटीवर. म्हणाली, "मले फुकट नको. निवडायले डाळ द्या." तेव्हापासून गावानं दिलेली तूर भरडल्यावर निवडायचं काम तिच्याकडे गेलं.

पुढं एप्रिलच्या मध्यात एका शेतकऱ्याची वांगी आणि टमाटे झाडावर सडू लागले. तोडणीचा खर्चही निघत नव्हता. तो म्हणाला, "साहेब, फेकण्यापेक्षा करंजीच्या लंगरात देऊन येऊ." त्याचा टेम्पो आणि माझा पास, असे आम्ही निघालो.

करंजी आमच्याच तालुक्यात, नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. तिथं शिखांच्या कारसेवेचा डेरा आहे. नांदेडच्या हुजूर साहिबला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आणि कोणाही वाटसरूसाठी १९८८ सालापासून तिथं लंगर चालतो. त्या दिवसांत हैदराबादकडून मजुरांचे लोंढे उत्तरेकडे चालत येत होते. कोणाच्या डोक्यावर पेटी, कोणाच्या खांद्यावर लेकरू, कोणाची चप्पल सुतळीनं बांधलेली. कोणाला मध्य प्रदेशात जायचं होतं, कोणाला उत्तर प्रदेशात, कोणाला बिहारात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल, आणि धाबे सगळे बंद. अशा जागी पत्र्याच्या शेडखाली ती चूल रात्रंदिवस पेटलेली होती. डेऱ्याचे प्रमुख बाबा करनैलसिंग खैरा तेव्हा ऐंशीच्या पुढचे होते. मेअखेरीस वर्तमानपत्रांत बातमी आली की, दहा आठवड्यांत तिथं जेवून गेलेल्यांचा आकडा वीस लाखांच्या घरात गेला.

आकडा मोठाच आहे, पण मी तिथं उभं राहून पाहिलं ते वेगळंच. आलेल्या माणसाला आधी बोअरचं पाणी आणि साबण. हात धुवा, वाटलं तर अंघोळ करा. मग वरणभात, भाजी. तुझं नाव काय, गाव कोणतं, जात कोणती, कार्ड आहे का, हे कोणी विचारीत नव्हतं. वाढणारा खाली वाकून वाढत होता. जेवणाऱ्याला वर पाहून हात पसरावा लागत नव्हता. मला माझा भोंगा आणि माझे फोटो आठवले.

भाजी उतरवून घेणाऱ्या एका सेवेकऱ्याला मी विचारलं, "इतक्या थोड्या दिवसांत एवढी व्यवस्था कशी उभी केली?" तो हसून हिंदीत म्हणाला, व्यवस्था नवी काहीच केली नाही, चूल पेटलेलीच होती, फक्त भांडी मोठी चढवली.

परतताना टेम्पोत मी तेच घोळवत होतो. आम्ही संकट आल्यावर चूल मांडायला निघालो होतो. त्यांची चूल बत्तीस वर्षं पेटलेली होती, म्हणून ती एका रात्रीत हजारोंना पुरी पडली.

गावात आल्यावर आम्ही रीत बदलली. भोंगा बंद, फोटो बंद. थैल्या सगळ्या एकसारख्या आणि दिवेलागणीनंतर घरपोच. वही दोन रकान्यांची केली. देणाऱ्याच्या रकान्यात नाव आणि वजन, घेणाऱ्याच्या रकान्यात नुसती थैल्यांची संख्या. कोणाच्या घरी किती गेल्या हे फक्त तीन किल्लीवाल्यांना ठाऊक. महिन्याच्या शेवटी जमा किती, गेलं किती, उरलं किती, हे सर्वांपुढे वाचायचं. यामुळे घेणाऱ्याची अब्रू राहिली आणि देणाऱ्याचा विश्वासही राहिला.

यादीही नव्यानं केली, आणि ती माझ्या वहीवरून नव्हे. अध्यक्षबाई म्हणाल्या, "साहेब, सातबारा पाहून भूक समजत नाही. गिरणीवाल्याला विचारा." आणि खरंच, पिठाच्या गिरणीवाल्याला गावातलं सगळं ठाऊक होतं. आठ-आठ दिवसांत कोणाच्या घरचं दळण आलं नाही, कोणाचं दळण पायलीवरून अर्ध्यावर आलं, ते त्यानं घडाघडा सांगितलं. किराणा दुकानदारानं कोणाची उधारी अचानक वाढली ते सांगितलं. आशाताईंनी कोण गरोदर, कोण बाळंतीण, कोणाला क्षयाची, साखरेची, रक्तदाबाची गोळी चालू ते सांगितलं. माझ्या यादीतली सहा घरं गळाली आणि चौदा नवी आली. त्यांतली दोन घरं चार-चार एकरवाल्यांची होती. घरात कापूस आढ्यापर्यंत आणि पिठाचा डबा रिकामा.

आशाताईंमुळेच आमची दुसरी चूक कळली. गावापासून तीन किलोमीटरवर कोलामांचा पोड आहे. तिथली माणसं वर्षभर आमच्याच शेतांत राबतात. पण कागदावर तो पोड दुसऱ्या ग्रामपंचायतीत, म्हणून आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातच आला नाही. त्यांच्या बांबूच्या टोपल्या आठवडी बाजारात विकल्या जातात, आणि बाजार बंद. आम्ही गेलो तेव्हा काही घरांत मोहफुलं उकडून भागवणं चाललं होतं. धान्य उतरवलं. निघताना एका म्हाताऱ्यानं सहा टोपल्या गाडीत ठेवल्या. आम्ही नको म्हणालो तेव्हा त्याचा चेहरा पडला. मला मावशीची डाळ आठवली आणि मी त्या टोपल्या घेतल्या. आजही कोठीचं धान्य मोजायला त्याच वापरतो. पण आम्ही तिथं आठ दिवस उशिरा पोचलो, हे काही त्या टोपल्यांनी पुसलं जात नाही.

औषधांचंही तसंच केलं. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट एका डब्यात जमा करायचं, त्यावर घराची खूण लिहायची. दर मंगळवारी एक पोरगा पास घेऊन मोटारसायकलनं पांढरकवड्याला जाई आणि पाकिटं दाखवून गोळ्या आणी. गोळ्यांचं नाव वाचता येण्याची गरज पडली नाही आणि चूकही झाली नाही.

आता माझी दुसरी फजिती. पहिली अकरा पोती आम्ही घाईनं समाजमंदिराच्या फरशीवर रचली होती. शिल्लक राहिलेली दोन पोती जुलैत उघडली, तर ज्वारीत सोंडे वळवळत होते. शेतकीचा पदवीधर, गावोगाव धान्य साठवणीची व्याख्यानं देणारा, आणि माझ्याच राखणीतल्या पोत्यात किडे! गाव आठ दिवस हसलं. पुढल्या वर्षी पत्र्याच्या कोठ्या आणल्या. धान्य कडक उन्हात वाळवायचं, दाताखाली कट्टकन वाजलं की समजायचं वाळलं. मग एक रात्र थंड होऊ द्यायचं आणि नंतर भरायचं. कोठी लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर. धान्यात सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घालायचा. पावसाळ्याआधी एकदा उघडून पाहायचं, आणि जुनं आधी वाटून मगच नवं भरायचं. घरच्या कोठीलाही हीच रीत लागू आहे.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात दुसरी लाट आली तेव्हा प्रश्न दाण्यांचा नव्हता. घरंच्या घरं आजारी पडली. दाणे होते, पण भाकरी थापायला उभं राहील असं माणूस घरात नव्हतं, आणि शेजारी भीतीनं दार उघडत नव्हते. तेव्हा कोठीच्या धान्याच्या भाकरी दहा घरांत वाटून थापायच्या आणि आजारी घरांच्या फाटकावर डबा ठेवून हाक मारून मागं फिरायचं, असं ठरलं. मावशीला आम्ही घराबाहेर पडू दिलं नाही, तर तिनं घरातच दररोज वीस भाकरी थापल्या. पोरं तिच्या ओट्यावरून दुरडी उचलून नेत.

डबे पोचवणाऱ्यांत बुवा पुढं असत. त्यांचं वय पासष्टच्या वर. आम्ही दोनदा म्हणालो, तरुण पोरांना जाऊ द्या. ते हसून टाळीत. आम्ही तिसऱ्यांदा म्हणालो नाही, कारण बुवा गेले की आजारी घरांना धीर येई, आणि आम्हालाही ते बरंच पडत होतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बुवांना ताप आला. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, पण ते परत आले नाहीत. त्यांना ती बाधा डबे देताना झाली की आणखी कुठं, हे कोणी सांगू शकत नाही. पण तिसऱ्यांदा आग्रह करायला हवा होता, हे माझ्या मनातून आजही जात नाही.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवीत होत्या. ते करतानाच त्यांना प्लेगनं गाठलं आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्यापुढं आपण हात जोडतो, आणि ते योग्यच आहे. पण बुवा गेल्यापासून मला वाटतं की, सेवा करणाऱ्याला जपणं हाही सेवेचाच भाग आहे. आता आमच्या कोठीचा नियम आहे की साठीच्या वरच्या माणसानं साथीच्या दिवसांत घरात बसून काम करायचं, मग तो कितीही मोठा असो. मोठ्या माणसाला "तुम्ही घरी बसा" म्हणताना जीभ अडखळते, म्हणूनच तो नियम लिहून ठेवला आहे.

साथ ओसरली, पण कोठी आम्ही मोडली नाही. दर सुगीला प्रत्येक घर पायलीभर धान्य टाकतं. ज्याला जमीन नाही तो कोठी साफ करायला, धान्य वाळवायला एक दिवस देतो. कोणाचं घर जळालं, कोणाचा कर्ता माणूस गेला, कोणाची बाई दवाखान्यात अडकली, तर दार उघडतं. सरकारी मदत येतेच, यायलाच हवी आणि ती आपण मागायलाच हवी. पण ती येईपर्यंतचे पंधरा दिवस गावानं निभवायचे असतात. तेवढ्यासाठी ही कोठी.

वाचकांपैकी कोणाला आपल्या गावात असं काही करावंसं वाटलं तर साथीची वाट पाहू नका. यंदाच्याच सुगीला एक कोठी मांडा, लहान का असेना. किल्ल्या तीन घरांत ठेवा आणि त्यांतली एक तरी बाईमाणसाच्या हाती द्या. गिरणीवाल्याशी बोलत जा. आणि गावाबाहेरची चार घरं कोणत्या गावात मोडतात हे कागदात शोधत बसू नका.

बुवांची किल्ली आता त्यांच्या सूनबाईंकडे आहे. मावशीचं वेगळं रेशनकार्ड झालं आहे. मागच्या सुगीत ती समाजमंदिरात आली, पदरात बांधलेली ज्वारी तिनं टोपलीत ओतली. कापणी झालेल्या शेतांतून तिनं वेचून आणलेला तो सरवा होता. मोजला तर पायलीला थोडा कमी भरला. सूनबाईंनी वही काढली तेव्हा मावशी म्हणाली, "माहं नाव नीट लिहा."

मी पाहत उभा होतो. देणाऱ्यांच्या रकान्यात तिचं पूर्ण नाव लिहिलं गेलं. महिनाअखेरीस गावापुढं ते मोठ्यानं वाचलं, तेव्हा ती पहिल्या ओळीत बसली होती.